कार्यकर्त्याने काय वाचावे?



चळवळीच्या धकाधकीत वाचायला सवड कुठली, असे कार्यकर्ते नेहमी विचारतात. तरीही तीन पुस्तकांची शिफारस मी आग्रहाने करतो.

पहिली, कृष्णात खोत यांची कादंबरी 'रिंगाण'. तिला 2023 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या जमिनीचा हिशेब आपण सरकारकडे मागतो. पण मागे सोडाव्या लागलेल्या म्हशी कोणत्या हिशेबात धरायच्या, हा प्रश्न ती विचारते.

दुसरी, नंदा खरे यांची 'उद्या'. माणसाच्या हालचालींवर सतत पाळत ठेवणारे भविष्य तीत आहे. समाजाने आपल्याला भरपूर दिले, असे सांगून खरे यांनी तिचा 2020 सालचा अकादमी पुरस्कार नाकारला होता.

तिसरे, पी. साईनाथ यांचे इंग्रजी 'द लास्ट हिरोज' (2022). साताऱ्याच्या प्रतिसरकारातील तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, हौसाबाई पाटील अशा सामान्यांचा स्वातंत्र्यलढा त्यात आहे. ज्याला इंग्रजी येते त्याने तो इतरांना मराठीत सांगावा.

आपली निवेदने भरपाईचा आकडा मांडतात. तो आकडा कोणाच्या जिव्हारी लागला, हे अशा पुस्तकांतून कळते. म्हणून शाखेच्या मासिक बैठकीत एक प्रकरण मोठ्याने वाचा आणि त्यावर मनसोक्त वाद घाला.