खाली बसू नका



या मेळाव्याला आपण विषय दिला आहे, ‘चांगले शिक्षक कुठे हरवले?’ सकाळपासून वक्ते त्यावर बोलले आणि प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. समारोपात मीही त्यांची री ओढावी, अशी अपेक्षा असेल. ती मी पुरी करणार नाही. मला हा प्रश्नच मान्य नाही. या प्रश्नात शिकणारा कुठेच नाही. तो जणू घागर आहे. कुणीतरी यावं, भरावं, आणि रिकामी राहिली तर दोष पाणक्याचा!

नाशिकमध्ये बसून हा प्रश्न विचारायचा असेल, तर आधी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जाऊन या. १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक तिथे जन्मले. तरुणपणी ते मुंबईत होते, तेव्हा कुणीतरी त्यांच्यापुढे एक पत्र धरलं, वाचून दाखवा म्हणून. दादांना अक्षरओळखही नव्हती. ते रडले. इथवरची गोष्ट आपण सांगतो आणि गहिवरतो. मला बोलायचं आहे ते पुढच्या गोष्टीबद्दल. देहलवी नावाच्या गुरुजींनी त्यांना बाराखडी शिकवली. जोडाक्षरं दादांनी जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून पक्की केली. गुरुजींनी दिली ती अक्षरं, आणि ते देणं लहान नव्हतं; त्याशिवाय त्या पाट्या मुक्याच राहिल्या असत्या. पण पाटीसमोर थांबणं, अडखळणं, पुन्हा वाचणं हे काम कुठलाही गुरुजी दुसऱ्यासाठी करू शकत नाही. ते दादांनी केलं. त्यातून आंबेडकरी चळवळीला असा कवी मिळाला, ज्याची गाणी वाचता न येणाऱ्यांनीही तोंडपाठ केली.

दुसरं उदाहरण त्र्यंबकेश्वरचं. तिथे १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ या चित्रपटकर्त्याने या परक्या माणसाला आपला स्टुडिओ आणि तिथलं काम मोकळ्या मनाने दाखवलं. तो चांगलाच शिक्षक म्हणायचा. पण ती शिकवणी काही दिवसांची. परत आल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ टिपत राहिले. पडद्यावर ती सारी वाढ मिनिटभरात उलगडली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी हे वाटाण्याचं रोप आहे. हा गृहपाठ त्यांना कुणी दिला नव्हता आणि तपासायलाही कुणी बसलं नव्हतं.

आता आजच्या नाशिककडे बघा. कॉलेज रोडने, गंगापूर रोडने एक चक्कर मारा. क्लासच्या फलकांवर मुलांचे फोटो, फोटोखाली टक्के, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात क्लासचं नाव. पालक फी भरतात आणि विचारतात, ‘सर, याच्याकडून अभ्यास करून घ्याल ना?’ हे ‘करून घेणं’ मला टोचतं. सोळा वर्षांच्या मुलाचा अभ्यास दुसऱ्याने करून घ्यायचा, तर तो स्वतः कधी करणार? आई-वडिलांनो, तुम्ही फी भरता ती मुलाला शिकवण्याची, असं तुम्हाला वाटतं. खरं तर ती मुलाची जबाबदारी त्याच्या हातातून काढून घेण्याची फी आहे.

शिक्षकांनो, आपणही यातून सुटत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. फळ्यावर प्रश्न लिहायचो, खाली उत्तर लिहायचो, मुलं दोन्ही उतरवून घ्यायची. निकाल उत्तम लागायचा. एकदा मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘सर, पुराबरोबर नदी गाळ आणते असं पुस्तकात आहे. मग आपल्या गंगापूर धरणात तो साचत नाही का?’ मी म्हणालो, ‘परीक्षेला येत नाही. खाली बस.’ ती बसली. वर्षभरात पुन्हा उठली नाही. त्या वर्षी माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागला आणि माझा सत्कार झाला. त्या सत्काराला मी लायक नव्हतो, हे आज या व्यासपीठावरून सांगतो.

पण माझं बोलणं ऐकून सत्तेतल्या कुणाला हायसं वाटत असेल, तर त्यांनाही बजावतो. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळांत आणण्याचे प्रस्ताव मागवले. सुरगाणा, पेठच्या पाड्यावरच्या सात वर्षांच्या पोरीने पावसाळ्यात ओहोळ ओलांडून दुसऱ्या गावी शाळेत जायचं का? ‘स्वतः शिका’ हे वाक्य शाळा बंद करणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही. वामनदादांनाही आधी देहलवी गुरुजी लागलेच. बाराखडी देणारा माणूस पाड्यावर हवा, हा त्या पोरीचा हक्क आहे. तिथे काटकसर चालणार नाही. आणि जो गुरुजी तिथे आहे, त्याला याद्या आणि सर्वेक्षणांना जुंपू नका.

मग चांगला शिक्षक घडतो कसा? मला याचं उत्तर निवृत्तीनंतर मिळालं. याच नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ‘मुक्तची पदवी’ म्हणताना आपण प्रतिष्ठितांनी पुष्कळ नाकं मुरडली. तिथल्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी समंत्रक म्हणून जात होतो. सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेल्या एक ताई यायच्या. आठवडाभर पाळी, रविवारी अभ्यासकेंद्र. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढायच्या. समासात पेन्सिलीच्या फुल्या असायच्या. जे कळलं नाही तिथे फुली. म्हणायच्या, ‘सर, या वेळी सात आहेत.’ पाच सुटायच्या. उरलेल्या दोन? ‘त्या मी घरी बघते. तुम्हीही बघून या.’ पुढच्या रविवारी त्यांचं उत्तर तयार असायचं आणि मला माझं तयार ठेवावं लागायचं. कळलेल्या फुलीभोवती त्या गोल काढायच्या. शनिवारी रात्री मी जेवढी तयारी केली, तेवढी अख्ख्या नोकरीत केली नव्हती. मला शिक्षक केलं ते त्या ताईंनी. शिकणारा आपली जबाबदारी उचलतो, तेव्हा समोरच्याला चांगलं शिकवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

थोड्या वेळाने ठराव मांडले जातील. मसुद्यातला पहिला ठराव शिक्षकांच्या गौरवाचा आहे. माझा त्याला विरोध आहे. त्याजागी दोन ठराव घ्या. एक, पट कमी म्हणून एकही शाळा बंद होऊ नये. दोन, आपण सभागृहातले सगळे शिक्षक रोज तासाची शेवटची दहा मिनिटं मुलांच्या फुल्यांसाठी राखून ठेवू. सरकारकडे मागणी करायला हात वर करणं सोपं आहे. दुसऱ्या ठरावालाही तेवढेच हात वर झालेले मला पाहायचे आहेत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शेवटचं तुमच्यासाठी. ज्या पुस्तकात तुमची एकही फुली नाही, ते तुम्ही वाचलेलं नाही. उद्या फुल्या घेऊन वर्गात जा. ‘मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो’ असं म्हणणारा शिक्षक भेटला, तर त्याला सोडू नका. आणि माझ्यासारखा कुणी ‘परीक्षेला येत नाही’ म्हणाला, तर खाली बसू नका.