हिरवी माणसं हिरवी कशी झाली?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध आटेपर्यंत बोल, असं अध्यक्षांनी मला सांगितलंय, तेव्हा वेळ भरपूर आहे. विषय ऐकून मघाशी दोघा-तिघांनी विचारलं, की आज भुतांच्या गोष्टी आहेत का? तर नाही. मुंजा, हडळ, चकवा, देवचार यांच्यावर बोलायचा अधिकार आपल्यातल्या कोकणी मंडळींचा. मी बोलणार आहे ते या देशात सत्तर वर्षांपूर्वी काही साध्यासुध्या लोकांनी 'माणसासारखं काहीतरी पाहिलं, पण माणूस नव्हे' अशा ज्या साक्षी दिल्या, त्यांच्याबद्दल. आणि इतक्या जुन्या साक्षी तपासायच्या कशा, याबद्दल.

आपल्यापैकी बरेच जण आय-२४ वरून नॅशव्हिलला गेले असतील. वाटेत केंटकीमध्ये हॉपकिन्सव्हिलचा एक्झिट लागतो. त्या गावाच्या उत्तरेला सात-आठ मैलांवर केली नावाची छोटी वस्ती आहे. २१ ऑगस्ट १९५५, रविवारची रात्र. तिथल्या एका शेतघरात मोठी आणि लहान मिळून अकरा माणसं होती. घरात ना फोन, ना नळ. संध्याकाळी सातच्या सुमारास पेनसिल्व्हेनियाहून आलेला एक पाहुणा विहिरीवर पाणी आणायला गेला आणि धावत परत आला. म्हणाला, आकाशातून काहीतरी झगझगीत आलं आणि पलीकडे उतरलं. सगळे त्याला हसले.

तासाभराने कुत्रा भुंकायला लागला. दोन पुरुष बंदुका घेऊन दारात आले, तर अंधारातून एक आकृती घराकडे येत होती. उंची तीन-साडेतीन फूट, मोठे कान, चमकणारे मोठे डोळे, लांब हात वर केलेले आणि हाताला नख्या. त्यांनी गोळी झाडली. ती आकृती कोलांटी खाऊन अंधारात पळाली. मग खिडकीत एक दिसली, पुन्हा गोळी. एक जण बाहेर पडला तेव्हा छपरावरून एक नख्यांचा पंजा खाली आला आणि त्याच्या केसांना लागला. असं कित्येक तास चाललं. शेवटी अकराच्या सुमारास सगळं कुटुंब दोन गाड्यांत बसून हॉपकिन्सव्हिलच्या पोलीस ठाण्यात पोचलं.

पोलीस लगोलग निघाले. त्यांच्याबरोबर स्टेट ट्रूपर होते, जवळच्या फोर्ट कॅम्पबेल लष्करी तळावरचे मिलिटरी पोलीसही होते. सापडलं काय? खिडकीच्या जाळीला गोळीचं भोक. बाकी शून्य. पण दारूचाही काही पत्ता लागला नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे लोकांनी सगळ्यात आधी तेच म्हटलं. त्या घरची कर्ती बाई पन्नाशीची, देवभोळी. घरात दारू येऊच द्यायची नाही. पोलीस रात्री दोनच्या सुमारास गेले आणि पहाटे त्या बाईला खिडकीत पुन्हा तेच डोळे दिसले.

आता, आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात एक सवय लागते. क्लायंट म्हणतो, "सिस्टिम रोज बंद पडते." आपण त्याला खोटं पाडत नाही आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं खरंही धरत नाही. आपण लॉग मागतो. सगळ्यात पहिला लॉग, कुणी हात लावायच्या आधीचा. जुन्या साक्षींचंही तसंच आहे. आज तुम्ही कुठल्याही पुस्तकात 'हॉपकिन्सव्हिलची हिरवी माणसं' वाचाल. पण ज्यांनी पाहिली ते सांगत होते की रंग चंदेरी, धातूसारखा होता. हिरवा रंग नंतर वर्तमानपत्रांनी चढवला. परग्रहावरचा माणूस म्हणजे हिरवा, हे कथा-कादंबऱ्यांतून आधीच ठरलेलं होतं, मग काय!

संख्येची तीच गत. दुसऱ्या दिवशी 'केंटकी न्यू एरा' या तिथल्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात '१२ छोटी माणसं' आली. प्रत्यक्षात एका वेळी दोनपेक्षा जास्त आकृत्या कुणीही पाहिल्या नव्हत्या. दारात एक, खिडकीत एक, छपरावर एक, झाडावर एक, अशी बेरीज करत गेलं की बारा व्हायला कितीसा वेळ लागतो? डेटाबेसवर काम करणाऱ्यांना सांगायला नको, एकच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा मोजलं गेलं.

हे आपल्याला आज कळतं ते दोन माणसांमुळे. एक होता स्थानिक रेडिओ स्टेशनचा इंजिनिअर. (इंजिनिअर होता, हे मी मुद्दाम सांगतोय!) घटनेच्या दुसऱ्याच दिवशी तो तिथे गेला. घरातले पुरुष तेव्हा कामासाठी इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला गेले होते. त्याने बायकांना विचारून चित्र काढलं आणि पुरुष परतल्यावर त्यांना वेगळं विचारून पुन्हा काढलं. साक्षीदारांनी एकमेकांचं ऐकून बोलू नये म्हणून कोर्टात जे करतात, तेच याने कुणी न शिकवता केलं. दुसरी इझाबेल डेव्हिस. ही बाई १९५६ मध्ये केलीला गेली, लोकांना भेटली, नकाशे काढले, कोण कुठे उभं होतं ते लिहून ठेवलं. टेड ब्लोकरबरोबरचा तिचा अहवाल छापून आला १९७८ मध्ये. तिचा स्वतःचा कल 'हे काहीतरी अद्भुत आहे' याच बाजूला होता. पण गंमत बघा, नंतर ज्यांनी साधं स्पष्टीकरण शोधलं, त्यांनाही तिच्याच नोंदी उपयोगी पडल्या. चांगल्या नोंदीची किंमत ही.

साधं स्पष्टीकरण म्हणजे घुबड. जो निकेल हे मूळचे केंटकीचेच; आधी जादूगार, मग डिटेक्टिव्ह, मग आयुष्यभर असल्या प्रकरणांचे शोधक. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी २००६ मध्ये हे प्रकरण पुन्हा मांडलं. अमेरिकेतलं ग्रेट हॉर्न्ड आऊल म्हणजे आपल्या शृंगी घुबडाचा चुलतभाऊ. दोन फुटांच्या आसपास उंची, डोक्यावर कानांसारखे पिसांचे तुरे, मोठे पिवळे डोळे, खाली बारीक पाय, त्यांना नख्या. पंख वर केले की हात वर केल्यासारखे दिसतात. झाडावरून, छपरावरून आवाज न करता तरंगत खाली येतं. पिल्लांच्या किंवा जागेच्या राखणीसाठी माणसाच्या अंगावरही येतं. आणि आकाशातला तो झगझगीत गोळा? उल्का.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की शेतावर राहणाऱ्या माणसांना घुबड ओळखता येत नाही? हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. माझं उत्तर असं, की ते लोक घुबड बघत नव्हते. 'यान उतरलं' हे तासाभरापूर्वीच कानावर पडलं होतं, हसण्यावारी नेलं तरी मनात राहिलं होतं. वर अंधार, भुंकणारा कुत्रा, रडणारी पोरं आणि बंदुकीचे बार. तरीसुद्धा ते घुबडच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. १९५५ चं घुबड पकडून आणता येत नाही. जास्तीत जास्त गोष्टी त्याने जुळतात, एवढंच.

याच्या तीन वर्षं आधी, १२ सप्टेंबर १९५२ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या फ्लॅटवुड्समध्ये असंच झालं होतं. खेळणाऱ्या मुलांनी आकाशातून तेजस्वी गोळा टेकडीमागे जाताना पाहिला. दोन-तीन राज्यांतल्या लोकांना दिसलेली ती उल्का होती. मुलं, त्यातल्या दोघांची आई आणि एक सतरा वर्षांचा तरुण टॉर्च घेऊन टेकडीवर गेले, तर समोर दहा फुटी आकृती! लालबुंद गोल तोंड, त्याच्याभोवती इस्पिकच्या एक्क्यासारखा आकार, फुसकारण्याचा आवाज, आणि ती तरंगत अंगावर आली. निकेल यांच्या मते फांदीवर बसलेलं गव्हाणी घुबड, आणि खालचा पालापाचोळा म्हणजे त्याचा झगा. ज्यांनी जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाला फुसकारताना ऐकलंय, त्यांना हे पटायला जड जाऊ नये.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पण पॉइंट प्लेझंटची गोष्ट तशी नाही.

ओहायो नदीवरचं हे गाव. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री गाडीतून जाणाऱ्या दोन जोडप्यांना गावाबाहेरच्या जुन्या दारूगोळ्याच्या कोठारांजवळ लाल डोळ्यांचा, पंखांचा, माणसाएवढा प्राणी दिसला. पेपरवाल्यांनी नाव दिलं मॉथमॅन. मग वर्षभर कुणाकुणाला दिसत राहिला. बरोबर तेरा महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६७ ला, संध्याकाळी घरी परतणाऱ्या गाड्यांनी भरलेला सिल्व्हर ब्रिज कोसळला. ४६ माणसं गेली. जॉन कीलने १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं, २००२ मध्ये सिनेमा आला, २००३ मध्ये गावात मॉथमॅनचा चकचकीत पुतळा बसला. पूल पडणार याची सूचना द्यायला तो आला होता, असं आजही लोक सांगतात.

पूल कशाने पडला, याची चौकशी झाली होती. १९२८ चा हा पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता आणि साखळीच्या प्रत्येक दुव्यात फक्त दोन पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीच्या भोकापाशी एक भेग होती. किती खोल? एक दशांश इंच! अडीच मिलिमीटर. गंज आणि ताण यांनी चाळीस वर्षांत केलेली भेग, तीही सुटं केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. ती पट्टी तुटली, जोडीदारावर सगळा भार आला आणि मिनिटाभरात पूल नदीत. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. त्यानंतर या देशात पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले, १९७१ मध्ये. आज तुम्ही-आम्ही ज्या पुलांवरून कामाला जातो, ते त्या नियमाने तपासलेले असतात. मॉथमॅनचे टी-शर्ट विकले जातात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या भेगेचं नाव गावाबाहेर किती जणांनी ऐकलंय?

दिल्लीतला २००१ च्या मे महिन्यातला मंकी मॅन काहींना आठवत असेल. उन्हाळा, वीज गेलेली, लोक गच्चीवर झोपलेले. पोलिसांकडे शेकडो तक्रारी आल्या, रेखाचित्रंही निघाली. प्राणी सापडला नाही. पण 'आला, आला' अशी आरोळी ऐकून घाबरून गच्चीवरून पळालेली माणसं खाली पडून मेली, ती मात्र खरी.

आता केलीच्या त्या कुटुंबाचं काय झालं तेवढं सांगतो. दुसऱ्या दिवसापासून बघ्यांची रीघ लागली. लोक अंगणात, घरात शिरायला लागले, तोंडावर हसायला लागले. वैतागून घरच्यांनी पाटी लावली: आत यायचे ५० सेंट, माहितीचा एक डॉलर, फोटो काढायचे दहा डॉलर. झालं! बघा, पैशासाठीच केलं, असं म्हणायला सगळे मोकळे. थोड्याच दिवसांत ते घर सोडून गेले. त्या रात्री बंदूक घेऊन दारात उभ्या राहिलेल्यांपैकी एकाच्या मुलीने पुढे वडिलांची हकिकत पुस्तक करून छापली. केलीला आता ऑगस्टमध्ये उत्सव भरतो. २०१७ च्या २१ ऑगस्टला, बरोबर बासष्ट वर्षांनी, खग्रास सूर्यग्रहणाचा मध्यबिंदू हॉपकिन्सव्हिलच्या अगदी जवळ होता, तेव्हा तर तिथे हजारो माणसं जमली होती. उत्सवाचं नाव 'लिटल ग्रीन मेन डेज'. ग्रीन!