‘होळी’: हसवता हसवता टोळीत ओढणारा सिनेमा

आज जरा जुना माल काढलाय. १९८४चा ‘होळी’. दिग्दर्शक केतन मेहता. सिनेमा हिंदी, पण मूळ आपलं: महेश एलकुंचवारांची त्याच नावाची एकांकिका. पुण्याशी नातंही घट्ट. मेहता लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयचे, यात दिसणारे नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरीही तिथलेच. आणि पोरांच्या घोळक्यात नीट बघा: आशुतोष गोवारीकर आणि ‘कयामत से कयामत तक’च्या चार वर्षं आधीचा आमिर खान!

गोष्ट एका दिवसाची. होळी आहे, पण कॉलेजला सुट्टी नाही. पोरं वैतागलेली. सुरुवातीला वाटतं, अरे, ही तर हॉस्टेलची धमाल कॉमेडी आहे. टवाळक्या, शिव्या, लेक्चरचा फज्जा. मध्येच पोरं गाऊ लागतात. मग संपाची भाषा सुरू होते, सिनेमा राजकीय होतो. आणि शेवटी अंगावर काटा येतो.

(इथून पुढे शेवट फुटणार आहे. आत्महत्येचा उल्लेखही आहे. नको असेल तर इथेच थांबा.)

एक बुजरा मुलगा प्रिन्सिपलना नावं सांगतो. पोरं त्याला घेरतात, त्याची विटंबना करतात. तो जीव देतो.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत नाहीच. त्याला घेरणारी पोरं तीच, ज्यांच्या जोक्सवर आपण तासभर हसलोय. मला वाटतं, कॉमेडी त्यासाठीच आहे. ती आपल्याला त्या टोळीत बसवते. वर जहांगीर चौधरींचा कॅमेरा: लांबच लांब शॉट्स, कट फार कमी. त्यामुळे नजर चुकवून पळायला जागाच नाही. या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘थ्री इडियट्स’ आठवा. २००९चा. तिथेही एक विद्यार्थी जीव देतो, पण दोष जातो ‘व्हायरस’कडे, सिस्टिमकडे. आपले हिरो स्वच्छ राहतात. ‘होळी’तही सिस्टिम कुजलेलीच आहे, पण तेवढ्यावर पोरं सुटत नाहीत. दोन्हीकडे आमिर आहे. इथे मात्र तो हिरो नाही, टोळीतला एक आहे.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला १९९९मध्ये, म्हणजे या सिनेमानंतर पंधरा वर्षांनी. कायदा हवाच. पण क्लासच्या ग्रुपवर कुणाचा तरी फोटो पडतो, त्यावर हसण्याचे इमोजी येऊ लागतात, तिथे कायदा पोचायच्या आधी आपण पोचलेलो असतो. ‘होळी’ त्या क्षणाबद्दल आहे. सगळे हसत असताना ‘ए, बास आता’ म्हणणारं तिथे कोण आहे?

बघा, आणि एकटे बघू नका, मित्रांना घेऊन बघा. आणि कुणाला आतून फार जड वाटत असेल, तर टेलि-मानसचा नंबर आहे १४४१६. बिनधास्त फोन करा.

भेटू पुढच्या भागात!