खोटेपणा, बेइमानी आणि इंग्रजी शब्द

(शिरगाव येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



इंग्रजीच्या पेपरात ‘योग्य शब्द निवडा’ असा एक प्रश्न असतो. विद्यार्थी डिक्शनरी उघडतो, तर समोर फॉल्स, अनट्रू, डिस्लॉयल, अनफेथफुल, ट्रेचरस अशी रांगच उभी असते. तो वहीत सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहून मोकळा होतो : खोटा, बेइमान. परीक्षेत त्यामुळे दोन गुण जातात. पण याच शब्दांच्या अर्थावरून आपल्या महाराष्ट्रात माणसे तुरुंगात गेलेली आहेत. म्हणून हा विषय मी आज घेतला.

आधी सोपे शब्द पाहू. एखाद्या मुलाने घाईत गुणपत्रिका वाचली आणि ४५ गुणांचे ४८ सांगितले. त्याचे विधान अनट्रू आहे. पण तो लायर नाही, कारण फसवण्याचा हेतू नाही. अनट्रू हा शब्द विधानाला लागतो, लायर हा माणसाला लागतो. आपण घरात मात्र दोन्हींना सरसकट ‘खोटारडा’ म्हणतो, आणि मूल ते लक्षात ठेवते. फॉल्स हा शब्द तर आपल्या ‘खोटा’सारखाच दूरवर पसरलेला आहे. फॉल्स कॉइन म्हणजे खोटे नाणे, फॉल्स फ्रेंड म्हणजे खोटा मित्र, आणि फॉल्स टीथ म्हणजे कवळी. आता कवळी बिचारी कोणाला फसवत नाही. तेव्हा शब्द कोणत्या वस्तूला लागला आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ ठरवू नये.

ट्रू या शब्दाचा मूळ अर्थ जुन्या इंग्रजीत ‘वचनाला जागणारा, निष्ठावान’ असा होता. ‘वस्तुस्थितीला धरून असलेला’ हा अर्थ नंतरचा. म्हणूनच अनट्रू टू अ फ्रेंड म्हणजे मित्राशी बेइमान. आपल्याकडेही असेच एक कुटुंब आहे. अमन, अमानत, अमीन आणि इमान हे चारही शब्द अरबीतील एकाच धातूचे, आणि त्यांच्या मुळाशी निर्धास्तपणा व भरवसा आहे. त्यांतील अमानत मराठीत आली आणि अक्षरांची उलटापालट होऊन ‘अनामत’ झाली. शाळेत आपण अनामत रक्कम भरतो, तेव्हा इमानाच्या भावंडाचेच नाव घेतो. बेइमान हा शब्द आपल्या घरातला आहे, पण तो शेजाऱ्याच्या घरातलाही तितकाच आहे. इमान, दगा, नमकहराम, गद्दार या शब्दांना मराठी माणूस परके मानत नाही.

आता निष्ठेचे शब्द. अनफेथफुल हा आज मुख्यतः पतिपत्नींच्या संबंधात येतो. भाषांतरही अनफेथफुल असू शकते, म्हणजे मुळाशी प्रामाणिक नसलेले. ट्रेचरस म्हणजे चेहऱ्यावर मैत्री ठेवून केलेला घात. इंग्रज लोक समुद्रालाही ट्रेचरस म्हणतात. वरून शांत आणि आत ओढ असलेले पाणी कसे असते, हे किनाऱ्यावरच्या आपल्या गावाला मी सांगायला नको. परफिडिअस हा पुस्तकी शब्द. वाचताना कळला तरी पुरे.

डिस्लॉयलचे मात्र तसे नाही. लॉयल आणि लीगल हे दोन्ही शब्द लॅटिनमधील कायद्याच्या एकाच शब्दापासून निघाले. लॉयल हा फ्रेंचमधून फिरून आला, एवढाच फरक. त्यामुळे या शब्दाबरोबर ‘कोणाशी?’ हा प्रश्न येतोच. तारापूरच्या कारखान्यातला एखादा कामगार अधिक पगारासाठी दुसरीकडे गेला, तर तो डिस्लॉयल नव्हे. जाताना कारखान्याचे गुपित विकून गेला, तर होय.

हा प्रश्न न्यायालयात कसा आला ते सांगतो. १८९७ साली ‘केसरी’तील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात खटला झाला. दंडविधानाचे कलम १२४ अ. त्यात इंग्रजी शब्द होता डिसअफेक्शन. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की, याचा अर्थ अफेक्शनचा, म्हणजे प्रेमाचा अभाव. मग द्वेष, वैर, तिरस्कार असे सर्व प्रकार त्यांनी त्यात घातले आणि सर्वांना मिळून डिस्लॉयल्टी हा शब्द सुचवला. नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलमातच लिहून टाकले की डिसअफेक्शनमध्ये डिस्लॉयल्टी आणि वैराच्या सर्व भावना येतात.

विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबून विचार करावा. पालघर स्टेशनवर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाविषयी माझ्या मनात प्रेम नसते, पण म्हणून वैर असते का? डिसलाइक म्हणजे नुसते ‘न आवडणे’ नव्हे, तर नावडच असणे. डिसऑनेस्ट म्हणजे लबाड. ‘डिस’ हा उपसर्ग पुष्कळदा अभाव सांगत नाही, उलट बाजू सांगतो. प्रेम नसणे हाच गुन्हा ठरवला, तर कोणते सरकार कोणाला बाहेर ठेवील? १९२२ साली अहमदाबादेत याच कलमाखाली उभे असताना गांधीजींनी हेच सुनावले की, प्रेम काही कायद्याने निर्माण करता येत नाही.

१९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा खटला झाला, तेव्हा मराठी लेखांचे इंग्रजी भाषांतर कोर्टापुढे होते. त्या भाषांतरालाच टिळकांनी हरकत घेतली आणि एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव स्वतः केला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षे मंडालेला गेले. त्याच वर्षी मौलाना हसरत मोहानी यांनाही आपल्या उर्दू मासिकातील लेखाबद्दल राजद्रोहासाठी शिक्षा झाली. १९१६ मध्ये टिळकांकडून भाषणांबद्दल वीस हजारांचा मुचलका मागितला गेला. त्या वेळी त्यांचे वकील बॅरिस्टर जिना होते. हायकोर्टाने भाषणे तुकड्यातुकड्याने न वाचता सलग वाचली आणि हुकूम रद्द केला.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात या कलमाला हिंसेची किंवा सार्वजनिक अशांततेची मर्यादा घातली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कलमाचा वापर थांबवला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातील कलम १५२ मध्ये डिसअफेक्शन हा शब्दच नाही. हे नवे कलम किती रुंद आहे, यावर कायदेपंडितांचा वाद चालू आहे. तो त्यांच्यावर सोपवू.

माझी तक्रार आपल्या वर्तमानपत्रांविषयी आहे. सिडिशन म्हणजे राजद्रोह. मथळ्यात त्याचा ‘देशद्रोह’ होतो. राज म्हणजे सत्ता. सत्ता आणि देश एक नव्हेत. टिळक त्या कायद्याने राजद्रोही ठरले. त्यांना देशद्रोही कोण म्हणेल? १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या नावाच्या चौकातून आपली मुले कॉलेजला जातात. ते राज्यकर्त्यांशी डिस्लॉयल होते, हे अगदी खरे. आणि म्हणून तर चौकाला त्यांचे नाव आहे. देशद्रोही, गद्दार हे शब्द कोणाच्या अंगावर किती सहज फेकले जातात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. असा शब्द कोणी उच्चारला, तर चिडण्याआधी त्याला विचारावे : कोणाशी? आणि काय केले म्हणून?

एक शेवटचा शब्द, कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्या पालकांसाठी. सरकारी साक्षीदाराने सरकारपक्षाला अनुकूल साक्ष दिली नाही, की वकील त्याला हॉस्टाइल म्हणतात. हा शब्द १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नव्हता. वकिली व्यवहारातून रुळला. बोलावणाऱ्या पक्षाला तो प्रतिकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. साक्षीदार उलटला असेल, विकला गेला असेल, किंवा कदाचित आताच खरे बोलत असेल. मराठी बातमीत मात्र छापून येते, ‘साक्षीदार फितूर’. फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला. न्यायाधीशांनी त्याच्या साक्षीतला विश्वसनीय भाग पुढे ग्राह्य धरला, तरी ते सहसा छापले जात नाही, आणि तो गृहस्थ गावात परत येतो तो फितूर म्हणूनच.

 विद्यार्थ्यांना काही विचारायचे असेल तर मी थांबलेलो आहे.