एकदा विचारा, नोंदून ठेवा



शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत उद्या तुमच्यापैकी काही जण संगणकावर काम करतील. त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो.

यंत्र कंटाळत नाही. म्हणून तेच काम आपण त्याच्याकडून हजारदा करवून घेतो आणि ते ध्यानातही येत नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या 'सी' भाषेत मजकुराची लांबी वेगळी नोंदलेली नसते. ती पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत मोजावी लागते. समजा, मजकूर १,००० अक्षरांचा आहे आणि आज्ञा अशी आहे : 'लांबी भरेपर्यंत एकेक अक्षर तपासा.' प्रत्येक फेरीला लांबी नव्याने मोजली, तर सुमारे १० लाख अक्षरे मोजावी लागतात. फेऱ्यांपूर्वी एकदाच मोजून नोंदली, तर १,००० वर काम भागते. मजकूर १०,००० अक्षरांचा झाला, की तोच हिशेब १० कोटी विरुद्ध १०,००० असा होतो.

मात्र एक पथ्य पाळावे. फेऱ्या चालू असताना मजकूरच कमीजास्त होत असेल, तर नोंदलेले उत्तर खोटे ठरते. शिष्यवृत्तीच्या यादीत पालकाचे गेल्या वर्षीचेच उत्पन्न राहिले, तर यंत्र झटपट उत्तर देईल. पण हक्काच्या मुलाचे नाव गळेल. जे बदलत नाही ते एकदाच विचारावे. जे बदलते ते पुन्हा विचारावे. हा विवेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठेवावयाचा असतो.