पाणी गट नंबर ओळखत नाही



आज आपण नकाशाविषयी बोलणार आहोत. नकाशा म्हटलं की तलाठी, मोजणी आणि बांधाची भांडणं आठवतात. पण आजचा नकाशा वेगळा आहे. तो जमीन कुणाची हे सांगत नाही, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे सांगतो.

आपला इस्लामपूरचा परिसर कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला. ऊस भरपूर, पाणीही भरपूर. त्या पाण्यानंच नदीकाठच्या कितीतरी काळ्या जमिनी चिबड आणि क्षारपड झाल्या. पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं की ते खाली साठत जातं आणि जमिनीतली पाणीपातळी वर येते. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मात्र वरच राहतात. मग उन्हाळ्यात रान मीठ शिंपडल्यासारखं पांढरं दिसतं. ऊस खुरटतो, पुढं रान पडीक पडतं. पडीक रानात भांगलण नसते. म्हणजे जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तिचा रोजगारही त्या मिठात जातो.

पण वरच्या रानात सोडलेलं जादा पाणी जमिनीखालून उताराला लागतं आणि खालच्या रानात फुटतं. खालचा शेतकरी जिप्सम टाकतो, पण पाण्याला वाट नसेल तर नुसत्या जिप्समनं काम होत नाही. म्हणून आधी शिवाराचा उतार समजून घ्यायला हवा.

तो उतार आता आकाशातून मोजता येतो. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं 11 दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. आपल्या इस्रोनं 2005 मध्ये कार्टोसॅट-1 उपग्रह सोडला. त्याच्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांवरूनही देशाचा उंचीचा नकाशा तयार झाला.

हा नकाशा गोधडीसारखा समजा. गोधडीचा प्रत्येक चौकोन 30 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद, म्हणजे साधारण 9 गुंठ्यांचा. प्रत्येक चौकोनात एक आकडा, तो त्या जागेच्या उंचीचा. संगणक एकेका चौकोनाभोवतीचे आठ शेजारी पाहतो आणि ज्या बाजूला उतार सर्वांत जास्त, तिकडं पाणी जाणार असं ठरवतो. असं सगळ्या चौकोनांचं केलं की ओढे, नाले आणि पाणी तुंबायच्या जागा आपोआप उमटतात.

त्यावर दुसरा थर ठेवायचा, जमिनीच्या वापराचा. युरोपचे सेंटिनेल-2 हे उपग्रह दर काही दिवसांनी आपल्यावरून जातात. त्यांच्या चित्रातला एक चौकोन जवळपास 1 गुंठ्याचा असतो आणि ही चित्रं फुकट मिळतात. हिरवं पीक, मोकळं रान, पांढरं पडलेलं रान त्यात वेगवेगळं दिसतं. तिसरा थर गट नंबरांचा. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर ठेवायचे, यालाच जीआयएस म्हणतात.

थर जुळले की एक गोष्ट लख्ख दिसते: पाणी गट नंबर ओळखत नाही. एका उतारावर दहा-वीस जणांची रानं असतात. जमिनीखाली 3 ते 4 फुटांवर सच्छिद्र पाइप घालून निचरा करता येतो, पण ते पाणी शेवटी ओढ्यात सोडावं लागतं आणि मध्ये शेजाऱ्याचं रान येतं. ओढा बुजवून कुणी ऊस लावला असेल, तर वरच्या सगळ्यांची वाट बंद. म्हणून हे काम एकट्यानं होत नाही. आणि दहा-वीस जणांना एका सतरंजीवर बसवायचं काम आपण बचत गटातल्या बायकांनी वर्षानुवर्षं केलेलं आहे.

उपग्रहावर डोळे झाकून भरवसा मात्र ठेवायचा नाही. नदीकाठच्या सपाट रानात फूट-दोन फुटांचा फरक त्याला कळत नाही. उंच झाडांचा शेंडा तो जमीन समजू शकतो. पाइप कुठल्या उतारानं घालायचा हे जागेवर लेव्हल लावूनच ठरवावं लागतं. आणि कुठल्या विहिरीचं पाणी कधीपासून मचूळ झालं, पूर्वी ओढा कुठून वाहत होता, हे गावातल्या म्हाताऱ्या आजींना जास्त ठाऊक असतं.

तेव्हा आम्ही चार कामं सुचवतो. पहिलं, उन्हाळ्यात शिवारफेरी काढा आणि पांढरी रानं, बुजलेले नाले टिपून घ्या. परत आल्यावर देवळासमोर रांगोळीनं शिवार काढा, आजींना बोलवा. दुसरं, शिकलेल्या लेकी-सुनांना मोबाइलवर इस्रोचं ‘भुवन’ आणि गट नंबरांसाठी ‘महाभूनकाशा’ उघडायला सांगा, आणि आपली रांगोळी त्याच्याशी ताडून बघा. तिसरं, मातीची तपासणी करून घ्या. सामू 8.5 च्या वर गेला तर जमीन चोपण होत चालली आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम चालतं, तिथं सल्ला घ्या.

चौथं काम महत्त्वाचं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असा कायदा आहे. त्या सभेत नकाशा मांडा, ओढा मोकळा करायचा ठराव घ्या आणि तो ग्रामसभेच्या कामकाजात नोंदवून घ्या. तोंडी बोलणं विरून जातं. नकाशा जोडलेला ठराव नुसता हसून बाजूला सारता येत नाही.

सातबाऱ्यावर आपलं नाव असो वा नसो, शिवाराच्या पाण्यावर बोलायचा हक्क आपला आहे. या उन्हाळ्यात शिवारफेरीला निघा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.