गाळलेल्या शब्दांचं व्याकरण



आज मी बोलणार आहे ते वाक्यात नसलेल्या शब्दांविषयी. 'आधी पोटोबा, मग विठोबा' या म्हणीत एकही क्रियापद नाही, तरी तिचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. असा न बोललेला पण गृहीत धरलेला शब्द म्हणजे अध्याहृत शब्द. तो गाळायलाही व्याकरण लागतं, आणि मराठीत ते फार बारकाईने चालतं.

'रामाने आंबा खाल्ला आणि सीतेने केळं.' केळं नपुंसकलिंगी, म्हणजे तिथे 'खाल्लं' हवं. आपण उच्चारला तो 'खाल्ला'. 'खाल्लं' ऐकणाऱ्याने मनात करून घेतलं. धातू तोच, रूप मात्र नवं. आता क्रियापद शेवटी न्या: 'रामाने आंबा आणि सीतेने केळं खाल्लं.' क्रियापदाने जवळच्या केळ्याचं लिंग घेतलं. इथे 'खाल्ला' म्हणून पाहा, लगेच कानाला खटकेल. इंग्रजीत क्रियापद पहिल्या वाक्यातच ठेवावं लागतं. मराठीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, आणि ही मला मोठी श्रीमंती वाटते.

आपल्या काव्यशास्त्राने ही गोष्ट फार लवकर हेरली. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातलं दीपक म्हणजे एकाच पदाने अनेकांना उजळणं. उंबऱ्यावरचा दिवा आत-बाहेर दोन्हीकडे प्रकाश देतो, तसं. भामह आणि दंडी या काव्यशास्त्रकारांनी ते पद आरंभी, मध्ये की शेवटी, यावरून दीपकाचे प्रकार केले. 'भरली पावसाने नदी, फुलांनी बाग, मुलांनी अंगण' हे आदिदीपक.

मराठीत याहून खट्याळ प्रकारही आहे. 'त्याने आधी शपथ खाल्ली, मग पैसे.' एकाच 'खाणे'चे दोन अर्थ, आणि दुसरा आपण न उच्चारताच पोचवला.

पाणिनीने तर गाळण्यावर शास्त्र उभं केलं. 'दधि अत्र'चं 'दध्यत्र' करणाऱ्या सूत्रात 'पुढे स्वर आल्यास' ही अट 'अचि' या एका पदाने घातली आहे. लगेच पुढचं सूत्र 'ने'पुढे 'अन' आल्यावर 'नयन' कसं होतं ते सांगतं. अट तीच, पण 'अचि' पुन्हा लिहिलेलं नाही. ते वरून खाली येतं. याला अनुवृत्ती म्हणतात. सुमारे चार हजार सूत्रांचा ग्रंथ मुखोद्गत राहिला, त्यामागे ही काटकसर मोठं कारण आहे.

पण गाळण्याला मर्यादा आहे. 'आईला बाबांपेक्षा दादाची काळजी जास्त.' बाबांच्या काळजीहून जास्त, की बाबांना असते त्याहून जास्त? वाक्य सांगत नाही. इथे शब्द खर्च करायलाच हवेत.

उलट, जिथे गाळायला हवं तिथे आपण आज गाळत नाही. 'रस्त्याची पाहणी करण्यात आली, खड्ड्यांची मोजणी करण्यात आली, अहवाल सादर करण्यात आला.' अशी वाक्यं रोज छापली जातात. 'रस्त्याची पाहणी आणि खड्ड्यांची मोजणी होऊन अहवाल सादर झाला' म्हटलं तर काय बिघडतं?

तेव्हा माझी एक विनंती आहे. अर्ज, बातमी, इतिवृत्त, जे काही लिहाल ते एकदा मोठ्याने वाचा. ऐकणारा जो शब्द स्वतः भरून घेईल तो काढून टाका. जिथे त्याला दोन अर्थांतून एक निवडावा लागेल, तिथे तो शब्द अवश्य ठेवा.